शब्दचर्चा : 'स्टाउट' म्हणजे लठ्ठ की कडक?

डब्लिनमधल्या दारूभट्ट्यांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. त्यात 'स्टाउट' नावाचा बिअरचा एक प्रकार येतो; त्याला काय लिहावं? शब्दकोशात लठ्ठ, धिप्पाड, दणकट असे अर्थ सापडले. 'लठ्ठ बिअर' लिहायला हात धजत नाही. 'काळी बिअर' चालेल का?

---

काळी नको. या शब्दाचा मुळात रंगाशी संबंधच नव्हता. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता गर्विष्ठ, शूर. पुढे दणकट, आणि लठ्ठ तर फारच उशिरा. बिअरसाठी तो १६७७ सालच्या कागदपत्रांत सापडतो, आणि पुढे चक्क फिकट रंगाची स्टाउटही मिळायची. चहाच्या टपरीवर आपण ज्या अर्थाने 'कडक' म्हणतो, तोच हा अर्थ.

अठराव्या शतकात लंडनच्या हमालांची आवडती गडद बिअर म्हणून 'पोर्टर' हे नाव पडलं. तिचा कडक प्रकार 'स्टाउट पोर्टर'. मग पोर्टर गळालं आणि नुसतं विशेषण उरलं. 'एक कटिंग' म्हणताना आपण 'चहा' हा शब्द गाळतो ना, तसं.

आजच्या प्रसिद्ध 'गिनेस' स्टाउटचा संस्थापक आर्थर गिनेस याने १७५९ साली डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेटची जागा वर्षाला ४५ पौंडांवर तब्बल ९,००० वर्षांच्या कराराने घेतली, पण तोही आधी एल (बिअरचाच एक प्रकार) बनवायचा. १७९९ मध्ये एल बंद करून त्याने सगळा भर पोर्टरवर दिला.

---

कडक कसली? नळावरच्या (पबमध्ये थेट नळातून ग्लासात ओततात त्या) गिनेसमध्ये अल्कोहोल जेमतेम ४.२ टक्के. आपल्याकडच्या 'स्ट्राँग'मध्ये ८ टक्क्यांपर्यंत असतं!

---

बरोबर आहे, नाव राहिलं आणि कडकपणा गेला. आता स्टाउट म्हटलं की भाजलेल्या धान्याची चव. १८१७ साली डॅनियल व्हीलरने माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मूठभर करपवलेल्या माल्टने रंग यायला लागला, बाकी फिकट माल्ट वापरता आलं. मोड न आणलेली बार्ली (जव) भाजून घालणं आणखी पुढचं, कारण १८८० पर्यंत माल्टवर कर होता आणि तो चुकवू नये म्हणून कच्चं धान्य वापरायला बंदी होती. कॉफीसारखा तो कोरडा कडवटपणा आज याच बार्लीतून येतो. बाकी 'जड' वाटते ती नायट्रोजनमुळे. १९५९ पासून नळावरच्या गिनेसमध्ये तो वापरतात. त्याचे बुडबुडे बारीक, म्हणून फेस सायीसारखा आणि नाकात झिणझिण्या नाहीत. कॅलरी मात्र साध्या बिअरपेक्षा जास्त नसतात; पोट भरल्यासारखं वाटतं तो जिभेचा भास.

---

पण 'काळी'ला इतकं झटकू नका. आयरिश भाषेत स्टाउटला 'ल्यान दुव' म्हणतात, म्हणजे शब्दशः काळी एल. हाच शब्द जुन्या वैद्यकातल्या काळ्या पित्तासाठी, म्हणून उदासीसाठीही वापरत. म्हणजे इंग्रजांनी जोर पाहून नाव दिलं, आयरिशांनी रंग पाहून. त्यातही ग्लास उजेडासमोर धरला तर ती काळी नसतेच, डाळिंबी लाल दिसते.

---

आभार. मग अठराव्या शतकातल्या भागात 'कडक पोर्टर' लिहितो, पुढे सगळीकडे 'स्टाउट'च ठेवतो. 'लठ्ठ' खोडला.