प्रतिसाद : ६१.८ ची रेघ आणि लासलगावचा कांदा

"बाजार सुवर्ण गुणोत्तरावरच वळतो", म्हणजे पडलेला भाव घसरणीच्या ६१.८ टक्के भरून निघाला की तिथूनच फिरतो, हे तुमचं विधान मला पटत नाही. २०२० चंच बघा. जानेवारीत शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी १२,४३० पर्यंत चढला, मार्चमध्ये ७,५११ पर्यंत कोसळला. त्या घसरणीची ६१.८ टक्के भरपाई म्हणजे साधारण १०,५५०. पण तिथून न वळता जुलैच्या सुरुवातीला ही पातळी ओलांडली गेली आणि नोव्हेंबरात जुना उच्चांकही मागे पडला. २३.६, ३८.२, ५०, ६१.८, ७८.६ टक्के एवढ्या रेघा मारल्यावर भाव कुठल्यातरी रेघेजवळ थबकणारच. त्यातला ५० तर फिबोनाचीचा (ज्याच्या अंकमालिकेतून हे गुणोत्तर निघतं त्या गणितज्ञाचा) नाहीच.

चार्टवरच्या कोनांवरून भावाचा अंदाज बांधणाऱ्या गॅनच्या ४५ अंशांच्या रेषेची अडचण आणखी मुळातली आहे. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर रुपये. चार्ट जरा ताणला की कोन बदलला. एका दिवसाला किती रुपये धरायचे, हे आपणच ठरवतो.

भाव अशा रेघांवर वळतो हे लासलगावच्या कांद्यालाही लागू होतं, असं तुम्ही म्हणता. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि भाव पडले. ती तारीख कुठल्या रेघेतून निघणार? कांदाचाळीत साठवलेला माल अशा रेघेच्या भरवशावर कुणी अडवून ठेवू नये, असं मनापासून वाटतं. तुम्ही मोजणीसाठी कोणता तळ आणि कोणता उच्चांक धरला होता, तेवढं मात्र सांगा.