मदत हवी आहे : दुर्बिणीत एकाखाली एक दोन आकडे येतात, खरं अंतर कोणतं?

मामेभाऊ टेक्सासहून आला होता, जाताना त्याची जुनी दुर्बीण माझ्याकडं ठेवून गेला. 10×42, आत लेझरनं अंतर मोजायची सोय, शिवाय बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर. तो तिकडं लांब पल्ल्याच्या निशाण्यावर रायफल चालवतो. त्यानं नवी घेतलीय, म्हणून ही मला देतोय. फुकट नाही हां! महिनाभर वापर, मग पैशाचं बोलू म्हणाला.

माझं काम वेगळंच. आम्ही चौघं परवानगी काढून रविवारी पहाटे सोलापुरातून बार्शी रोडनं नान्नजच्या माळावर जातो, काळवीट मोजायला. ठरलेल्या रेषेवरून चालायचं, कळप दिसला की त्याचं अंतर आणि रेषेशी होणारा कोन वहीत लिहायचा. अंतराला कोनाच्या साइननं गुणलं की कळप रेषेपासून किती आत आहे ते निघतं. आजवर अंतर नजरेनंच ठोकत होतो. मी दोनशे म्हटलं की मित्र साडेतीनशे म्हणणार, आणि कळप जाईपर्यंत आमचं भांडण.

आता यंत्र आलं तरी तेच. बटण दाबलं की 412, त्याखाली 2.9. परत दाबलं की 38! काळवीट जागचं हललेलं नाही, मान वर करून आमच्याकडंच बघतंय. दुर्बीण बिघडलीय का? आणि त्या कॅल्क्युलेटरचे जादा पैसे द्यावेत का?

प्रतिसाद १
बिघडलेली नाही. 2.9 हे मिल आहेत, म्हणजे कोनाचं माप; 1 मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेंटीमीटर. आत तुमच्या भावाच्या रायफलीची माहिती भरलेली असणार : गोळीचा वेग, हवेत ती किती अडते, रायफल किती अंतराला जुळवलीय. हवेचा दाब आणि तापमानही हिशोबात धरतात. त्यावरून गोळी किती खाली येईल आणि नेम किती वर धरायचा ते यंत्र सांगतं. तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही. वर, काळवीट 1972 च्या वन्यजीव कायद्यात परिशिष्ट एकमध्ये. वनरक्षकानं दुर्बिणीत डोकावून 2.9 म्हणजे काय विचारलं तर काय सांगाल? रायफलीच्या माहितीचं ते प्रोफाइल बंदच करा.

38 म्हणजे तुमच्या पुढ्यातलं गवत. लेझर जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजतात, 300 मीटरला जेमतेम 2 मायक्रोसेकंद. झोत सुईसारखा नसतो, पुढं पसरत जातो, आणि वाळलेली काडीही त्याला पुरते. मेनूत 'लास्ट' असेल तर ते लावा, म्हणजे सगळ्यात लांबून आलेला परतावा धरेल. पण काळविटामागं बाभळ असली तर बाभळीचं अंतर येईल, तेव्हा तीन-चारदा दाबून बघायचं. झोत दुर्बिणीत दिसणाऱ्या नेमाच्या खुणेच्या मधोमध पडतोय का तेही तपासा. मागं मोकळं आभाळ असलेला विजेचा खांब धरा, खूण हळूहळू बाजूला सरकवा, आकडा कुठं येतो नि कुठं जातो ते कळेल.

प्रतिसाद २
अमेरिकेतनं आलीय ना? मग 412 मीटर कशावरून?

धागाकर्ता
दोन नंबरवाले, पाया पडतो तुमच्या. संध्याकाळी गल्लीत तीस मीटरचा टेप तीनदा टाकला, टोकाच्या भिंतीवर नेम धरला. नव्वदच्या जागी 98. यार्ड! म्हणजे ते काळवीट 377 मीटरवर होतं. दोन रविवारची अख्खी वही आता 0.9144 नं गुणत बसलोय, आणि मित्र म्हणतोय त्याची नजरच बरी होती.

'लास्ट' सापडलं. प्रोफाइल बंद केलं, खालचा आकडा गेला. भावाला सांगितलं, कॅल्क्युलेटरचे पैसे धरू नकोस. तर म्हणतो, मग तेवढा काढून परत दे.

मीटरचा पर्याय कुठल्या मेनूत असतो, कुणी सांगेल का? पुस्तिका टेक्सासातच राहिलीय.