‘सारखी’ चेतापेशी म्हणजे नेमकी कशी?

अर्धविराम:
एका विज्ञानलेखाचं मराठी करते आहे. विषय असा: फळमाशीच्या मेंदूतल्या पेशींच्या प्रतिमांचे मोठाले संग्रह आहेत. हातात एक पेशी असेल, तर तिच्यासारख्या दिसणाऱ्या पेशी त्या संग्रहांतून संगणकाकरवी हुडकून काढतात. मी शीर्षक दिलं, ‘फळमाशीच्या मेंदूत सदृश चेतापेशींचा शोध’. ज्याला वाचून दाखवलं त्याने विचारलं, ‘कोणी लावला?’ शोध लावणं आणि शोध घेणं यांतला फरक क्रियापद गाळलं की उडूनच जातो. दुसरी अडचण ‘सदृश’ची. समान, समरूप, सारखी, जुळणारी... यातला कोणता शब्द घ्यावा?

चिलट:
आधी फळमाशीचं बघा. शेतीविषयक मराठीत फळमाशी म्हणजे उभ्या फळात अंडी घालून ते सडवणारी, बॅक्ट्रोसेरा वगैरे. मेंदूच्या संशोधनातली माशी ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. तिचं कुळच वेगळं, अंगाने जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर, आणि ती घोटाळते ती आंबू लागलेल्या फळांभोवती. एकदा ‘ड्रोसोफिला ही फळमाशी’ असं लिहून टाका, नाहीतर वाचक फवारणीचा सल्ला शोधत येतील. (ह. घ्या.)

पेशीपाल:
चेतापेशी हा शब्द राहू द्या, शाळेच्या पुस्तकांमुळे तो रुळलाय. ‘मज्जापेशी’ नको, मज्जा म्हणजे हाडातला मगज.

आता मूळ प्रश्न. संगणक इथे नेमकं काय ताडून बघतो ते कळलं तर शब्द निवडता येईल. २०१६ साली ‘एनब्लास्ट’ नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. नाव जनुकांचे क्रम ताडणाऱ्या १९९०च्या ‘ब्लास्ट’वरून घेतलंय. या पद्धतीत पेशीच्या फांद्यांचे लहान लहान तुकडे करतात. शोधायच्या पेशीचा प्रत्येक तुकडा घ्यायचा, समोरच्या पेशीतला त्याच्या सर्वांत जवळचा तुकडा बघायचा, आणि दोनच गोष्टी विचारायच्या: किती लांब आहे? आणि दोघांची दिशा एक आहे का? त्यावरून गुण द्यायचे, बेरीज करायची. पेशी स्वतःशीच ताडल्यावर जे गुण येतात त्यांनी भागलं की १ म्हणजे पूर्ण सारखी. अगदीच विजोड असेल तर गुण शून्याखालीही जातात. तैवानच्या ‘फ्लायसर्किट’ संग्रहातल्या १६ हजारांवर पेशी अशा एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या.

म्हणजे बघितलं जातं ते फांद्यांचं स्थान आणि वळण. पेशी काम काय करते, कोणतं रसायन सोडते, याची चौकशीच नाही. म्हणून ‘समान’ नको.

उगाचच:
मग ‘समरूप’ घ्या की.

पेशीपाल:
समरूप म्हटलं की भूमितीतले त्रिकोण येतात. ते कुठेही ठेवले तरी समरूपच. इथे तीच पेशी मेंदूच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली तर गुण कोसळतात.

जुनेर:
मला ‘सारखी’च योग्य वाटतो, आणि कारण व्युत्पत्तीत आहे. संस्कृत सदृक्ष, प्राकृत सरिक्ख, जुन्या मराठीत सारिखा, मग सारखा. मुळाशी दृश् धातू आहे, म्हणजे ‘दिसणं’. सारखी म्हणजे तशी दिसणारी. चित्रांवरून घेतलेल्या शोधाला याहून चोख शब्द काय मिळणार? ‘सदृश’चाही धातू तोच, पण तो सोवळ्यात बसलेला आहे.

अजून एक. ‘मुलगी आईसारखी आहे’ असं आपण सहज म्हणतो. ‘आई मुलीसारखी आहे’ म्हटलं की ऐकणारा थबकतो. प्रत्ययासारखं जोडलेलं ‘-सारखी’ एका बाजूने चालतं. ‘त्या दोघी सारख्या आहेत’ यात मात्र दोन्ही बाजू एका पातळीवर येतात. तुमच्या त्या एनब्लास्टचं काय? उलटं ताडलं तर गुण तेच येतात का?

पेशीपाल:
नाही येत! आणि हा मुद्दा नवख्या माणसाला हमखास गोंधळात टाकतो. समजा, ‘अ’ ही पेशीची तुटकी फांदी आहे आणि ‘ब’ पूर्ण पेशी. ‘अ’च्या प्रत्येक तुकड्याला ‘ब’मध्ये जोड सापडते, म्हणून गुण भरघोस. उलटं केलं की ‘ब’च्या कितीतरी फांद्यांना ‘अ’मध्ये कोणीच नाही, गुण घसरतात. तुटक्या पेशी काही दुर्मीळ नाहीत. २०२०चा ‘हेमीब्रेन’ नकाशा माशीच्या मेंदूच्या मधल्या भागाच्या साधारण अर्ध्या हिश्शाचा, तिथे कडेच्या पेशी छाटलेल्याच आहेत. दोन्हीकडून सारख्या हव्या असतील तर दोन्ही गुणांची सरासरी घेतात. जुनेर, तुमचा प्रत्यय हे सगळं आधीच जाणून होता म्हणायचं.

उगाचच:
अवांतर: ‘संगणक सारखी पेशी शोधतो’ याचा अर्थ ‘सतत शोधत बसतो’ असाही होतो.

अर्धविराम:
हो, हे ध्यानात नव्हतं आलं. तिथे ‘-सारखी’ जोडूनच लिहीन. लेखात पुढे ‘इमेज रजिस्ट्रेशन’ आहे. मी ‘प्रतिमा नोंदणी’ केलंय.

पेशीपाल:
नको हो! ती काही कचेरी नाही. प्रत्येक माशीचा मेंदू आकाराने थोडा वेगळा, शिवाय काचेवर ठेवताना वाकडातिकडा बसतो. म्हणून प्रत्येक चित्र ताणून, दाबून एका ठरलेल्या आदर्श मेंदूवर बसवतात. हे केल्याशिवाय ‘किती लांब’ या प्रश्नाला अर्थच नाही. ‘साच्यावर बसवणे’ लिहा.

अर्धविराम:
लिहिते. आणि ‘जुळणारी’ कुठेच चालणार नाही का?

पेशीपाल:
चालेल, पण दुसऱ्या पद्धतीसाठी. तिच्यात मेंदूचं चित्र सपाट करतात आणि खोली रंगाने दाखवतात. मग एका पेशीचा ठसा घेऊन बघायचं, की समोरच्या चित्रात त्याच जागी तोच रंग आहे का. अमेरिकेतल्या जेनेलिया संशोधन केंद्राच्या ‘न्यूरॉनब्रिज’ या संकेतस्थळावर असा शोध घेता येतो. चित्रात आणखी दहा पेशी उजळलेल्या असल्या तरी बिघडत नाही, आपली त्यात आहे ना एवढंच बघायचं. तिथे चित्र पेशीसारखं नसतं, पण पेशी त्याच्याशी जुळते.

हा खटाटोप कशासाठी तेही सांगा. २०२४मध्ये एका प्रौढ मादीच्या मेंदूतल्या १,३९,२५५ चेतापेशींचा नकाशा पुरा झाला. कोण कोणाला जोडलंय ते त्यावर दिसतं, पण ती माशी कधीच मेली. जिवंत माशीत तीच पेशी चालू-बंद करून बघायची, तर ती पेशी ज्यांच्यात उजळते अशी माशांची वाणं शोधावी लागतात. ‘न्यूरॉनब्रिज’वर पेशीवरून असं वाण सापडतं.

जुनेर:
‘जुळणारी’ लिहा, ‘जुळी’ मात्र नको. मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंना एकाच प्रकारच्या पेशी असतात असं वाचलंय. त्यांच्यासाठी तो शब्द लागेल.

पेशीपाल:
बरोबर. त्या शोधायला आधी पेशी आरशातल्यासारखी उलटवून घेतात.

अर्धविराम:
तर शीर्षक: ‘या पेशीसारखी दुसरी कुठे आहे? ड्रोसोफिलाच्या मेंदूतली शोधाशोध’.

चिलट:
‘शोधाशोध’ म्हटलं की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. पण कोणी लावला, असं आता कोणी विचारणार नाही.