बे एरियात भाडं भरण्यापेक्षा जुनी शिडाची बोट घेऊन तिच्यातच राहावं का?

हौशी_तांडेल
ओकलंडमध्ये एका बेडरूमचे महिन्याला २,७०० डॉलर देतोय. एकटा जीव, सामान दोन बॅगा आणि एक कुकर. परवा अलामेडात १९८४ची कॅटालिना ३० ही तीस फुटी शिडाची बोट बघितली, १६,५०० डॉलरला. आत सरळ उभं राहता येतं. दोन शेगड्यांचा ओटा आहे, डिझेल इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

हिशेब असा: धक्क्यावरच्या जागेचे फुटाला १५ डॉलर, म्हणजे ४५०. बोटीवर राहण्याचे वरचे ३००. एकूण ७५०. महिन्याला जवळजवळ दोन हजार वाचतात, म्हणजे नऊ महिन्यांत बोट फुकट! इतकं सरळ गणित असताना लोक अपार्टमेंटवाल्यांचे खिसे का भरतात? विरोधी मतं ऐकायला आवडतील, पण 'समुद्रात कसला राहतोस' हे सोडून. ते आईचं ऐकून झालंय.

माजी_बोटवाला
गणित सरळ आहे, कारण निम्म्या ओळी लिहिल्याच नाहीत.

पहिला प्रश्न, राहण्याची परवानगी कुणाकडून मिळाली? बोट विकत मिळते हो, जागा मिळत नाही. सॅन फ्रान्सिस्को बे कॉन्झर्व्हेशन अँड डेव्हलपमेंट कमिशनच्या धोरणानुसार मरीनातल्या (बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावरच्या) फार तर १० टक्के बोटींवर कायमचं राहता येतं. उपसागराचं पाणी सगळ्या जनतेचं, तिथे घरं थाटायची नाहीत, हा त्यामागचा विचार. रात्री धक्क्यावर कुणी असलं तर राखण होते, म्हणून एवढी तरी सवलत. विकणाऱ्याकडे ती परवानगी असली तरी ती बोटीबरोबर तुमच्या नावावर होईल असं धरून चालू नका.

दुसरं, कर. अलामेडा काउंटीत खरेदीवर १० टक्क्यांच्या वर जातात. शिवाय काउंटी दरवर्षी बोटीच्या किमतीवर एक टक्क्याच्या आसपास मालमत्ता कर लावते. बोट हलवली नाही तरी.

आणि आता माझी कहाणी. ९,००० डॉलरला १९७८ची बोट घेतली होती, त्यात जुनं अ‍ॅटोमिक ४ पेट्रोल इंजिन. इंजिनखाली पेट्रोलची वाफ साठते, म्हणून सुरू करण्याआधी पंखा लावून ती बाहेर काढायची. चार मिनिटं. रोज मनात एकच, आज उडतो की काय. डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा मूळच्याच होत्या. विमावाल्याने सांगितलं, तारा बदला, मग बोलू. ७,२०० गेले. तळाचा रंग, गळक्या खिडक्या, शिडं, शेवटी इंजिन. दोन वर्षांत ३१,००० घातले आणि ११,०००ला विकली. त्यापेक्षा भाडं भरलं असतं तर निदान गरम पाण्याने आंघोळ झाली असती.

डेकवरची_तुळस
माजी_बोटवाला, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण तुमचा निष्कर्ष पटत नाही. बोटीवर राहणं महाग नाही, *स्वस्त बोटीवर* राहणं महाग आहे. मी सहा वर्षं राहतेय, आधी नवऱ्याबरोबर, आता एकटी.

आम्हीही १५-१६ हजारांच्या बोटी बघत हिंडलो. शेवटी २८,०००ची घेतली, कारण आधीच्या मालकाने तीन वर्षांपूर्वी नवं डिझेल बसवलं होतं, तारा बदलल्या होत्या आणि प्रत्येक पावती फाइलला लावलेली होती. ३० फुटी बोटीत नवं इंजिन बसवायला मजुरीसकट १५ ते २० हजार सहज लागतात. विकताना त्यातले पाव पैसेही परत येत नाहीत. तेव्हा तो खर्च दुसऱ्याने करून झालेला असावा. इतका स्वार्थ चालतो.

धागाकर्ते, तुमच्या बोटीबद्दल. कॅटालिना ३० चांगली निवड आहे. इथेच दक्षिण कॅलिफोर्नियात बनायची, सहा हजारांहून जास्त निघाल्या. त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि प्रत्येक दुखणं कुणीतरी आधी भोगलेलं असतं. पण विकत घेण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून तीन जागा बघा. कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचा जड पंखा, जिथे बोटीला जोडली आहे, तिथे पुढच्या बाजूला तडा आहे का? त्याला सगळे 'कॅटालिना स्माइल' म्हणतात. जुन्या बोटींत त्या सांध्याच्या आत प्लायवूड आहे, पाणी शिरलं की ते कुजतं. दुसरं, डोलकाठीचं ओझं पेलणारा केबिनमधला खांब. बुडाशी मऊ लागतोय का? तिसरं, तारा जिथे डेकला धरल्यात तिथे आतून डाग आहेत का? बोट तपासून देणारा सर्व्हेवाला लहान हातोडीने डेक ठोकत जातो. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. टणक वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर आतला गाभा भिजलाय.

हौशी_तांडेल
ताई, उपयोगी माहिती. पण सर्व्हेला फुटाला २५ म्हणजे ७५०, वर क्रेनचे ४००. सोळा हजारांच्या वस्तूला साडेअकराशे नुसते बघायचे? व्हिडिओ पाहून मीच ठोकीन की.

माजी_बोटवाला
ठोका. मीही ठोकली होती. सगळंच टणक वाजलं, कारण मला बोट हवी होती.

फुकट_नांगर
जागा-परवानगीच्या भानगडीत पडताच कशाला? साउसलिटोसमोर रिचर्डसन बेमध्ये लोक वर्षानुवर्षं नांगर टाकून फुकट राहतात.

माजी_बोटवाला
राहत होते. आता नवीन बोटीला तिथे ७२ तासांची मर्यादा आहे, आणि राहिलेल्या बोटी २०२६च्या ऑक्टोबरपर्यंत हलवायचं ठरलंय. नांगराच्या साखळ्यांनी तळाचं समुद्री गवत उपटलं जातं, हे त्यातलं एक मोठं कारण. आणि फुकट म्हणजे काय? हिवाळ्याच्या वादळात नांगर सुटून बोट खडकावर गेली की ती उचलण्याचं बिल येतं, ते बघा कधीतरी.

करंजाकर
मी उरणचा. आमच्याकडे पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढतात, डागडुजी करतात, रंग देतात, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यात. वर्षातले दोन महिने होडीच्या सेवेचे असतात. धागाकर्त्यांनी नाव तांडेल घेतलंय, पण हिशेबात डागडुजीला शून्य लिहिलंय! तांडेलाची बायको एवढ्यावरच घराबाहेर काढेल.

डेकवरची_तुळस
😄 बरोबर. माझा मागच्या वर्षीचा खरा खर्च लिहिते, म्हणजे वाद आकड्यांवर होईल. जागा आणि परवानगी मिळून महिन्याला ८३०. विमा वर्षाला ६४०. पाणबुड्या दर महिन्याला बुडाचं शेवाळ खरवडतो, त्याचे ७५. तळाचा रंग दर तिसऱ्या वर्षी, त्यासाठी महिन्याला ९० बाजूला. मोडतोडीला २५० ठेवते. कधी उरतात, कधी फेब्रुवारीतच संपतात. वीज, प्रोपेन, कपडे धुणं धरून १,४५०च्या आसपास. म्हणजे वाचतात, पण धागाकर्त्यांच्या कल्पनेइतके नाहीत.

पैशांत न मोजता येणारंही सांगते. इथे हिवाळ्यात पाऊस पडतो, आत श्वासाची वाफ गादीखाली जमते. पहिल्या डिसेंबरात माझ्या सगळ्या सुती साड्यांवर काळे ठिपके पडले. आता गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळी आहे, ओल शोषणारं यंत्र दिवसरात्र चालतं. आणि संडास. तो घरातल्यासारखा नसतो, टाकी भरते. ती पंपाने रिकामी करून घ्यायची, उपसागरात सोडायची नाही. घरी पाहुणे आले की मी आधी टाकीचा काटा बघते, मग चहाचं विचारते.

तरीही सोडणार नाही. उन्हाळ्यात दुपारी गोल्डन गेटमधून पंचवीस नॉटचा वारा आत घुसतो तेव्हा माझं घर एंजल आयलंडकडे पळत असतं. ते कुठल्या अपार्टमेंटात?

माजी_बोटवाला
ताई, वर्षातून किती वेळा पळतं? खरं सांगा.

डेकवरची_तुळस
मागच्या वर्षी चार वेळा. 🙈 सगळी भांडी बांधून ठेवायची म्हणजे कंटाळा येतो.

माजी_बोटवाला
हेच. बोटीवर राहायला लागलं की बोट हाकणं सुटतं. शिडं हवी असतील तर लहान बोट घ्या आणि घर भाड्याने. नुसतं राहायचंच असेल तर डोलकाठी कशाला पोसायची?

हौशी_तांडेल
अपडेट. शेवटी सर्व्हे केला, ताई जिंकल्या. स्माइल आहे, आणि खांबाच्या बुडात सर्व्हेवाल्याचा स्क्रूड्रायव्हर बोटभर आत गेला. मालक १२,०००वर आला, मी नको म्हटलं. चार मरीनांना फोन केले. दोघांनी नाव लिहूनच घेतलं नाही, एकाकडे यादीत चौदावा आहे. तोवर भाडं चालू. पण विचार सोडलेला नाही, बजेट फक्त तीस हजार केलंय आणि त्यातले आठ बोट घेतल्यावर खर्चायला.

ताई, एक विनंती. संडासाचा पंप उघडून परत बसवणं एकदा हाताने करून बघायचंय.

डेकवरची_तुळस
रविवारी सकाळी या. माझा गळतोच आहे. जुने कपडे घाला, पोहे नंतर.