सरकारने देवळाच्या कोणत्या पायरीवर थांबावं?

वर्धारोडी
नागपूरच्या कोणत्याही नव्या वस्तीत चक्कर मारा. लेआउट चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर दहा टक्के जागा ओपन स्पेस म्हणून सोडावी लागते. कागदावर सुटतेही. मग कोपऱ्यात देवासाठी एक ओटा येतो, ओट्यावर टिनाचं शेड, शेडला विजेचं मीटर आणि निवडणूक जवळ आली की समोर गट्टू (पेव्हर ब्लॉक) आणि ‘सभामंडप’. हा शेवटचा टप्पा सरकारी पैशाचा. माझं मत: शासनाने यातून पूर्ण बाहेर पडावं. पैसा नको, नेमलेले विश्वस्त नकोत, जागा तर नकोच. संविधानात कलम २७ कशाला लिहिलंय मग?

महालवाला
कलम २७ पुन्हा वाचा. एखाद्या विशिष्ट धर्मासाठी ज्याचं उत्पन्न राखून ठेवलंय असा कर भरायची सक्ती करता येत नाही, एवढंच ते म्हणतं. हज अनुदानाच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एखाद्या कराचा मोठा हिस्सा एका धर्माकडे वळला तरच या कलमाचा भंग होतो, आणि अनुदान टिकलं. (पुढे २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने ते दहा वर्षांत बंद करा म्हटलं, २०१८ मध्ये बंद झालं. तो वेगळा खटला.) कलम २९०-अ तर केरळच्या तिजोरीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम (देवस्थान) निधीला द्यायला सांगतं. राज्य आणि धर्म यांच्या कडक फारकतीची कल्पना संविधान सभेत आली होती. के. टी. शाह यांनी १९४८ मध्ये तशा दुरुस्त्या मांडल्या, त्या फेटाळल्या गेल्या. त्यामुळे संविधानाचं नाव घेऊन ‘पूर्ण बाहेर’ म्हणता येत नाही. तुमचं मत म्हणून म्हणा, हरकत नाही.

इतवारीची_ताई
आणि सरकार बाहेर पडलं तर आत कोण उरेल, ते सांगा. पंढरपूरला बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने काढले. कोर्टकचेरीत चाळीस वर्षं गेली, जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, तेव्हा कुठे कारभार खऱ्या अर्थाने मंदिर समितीकडे आला. भक्तांनी आपसात ठरवून हे झालं असतं? कलम २५(२) ने दोन कामं राज्याकडे मुद्दाम दिली आहेत: धर्माशी जोडलेल्या आर्थिक व्यवहारांचं नियमन आणि सामाजिक सुधारणा. पूजा कशी करायची हे सरकारने सांगू नये. पण दानपेटी कोण मोजतो, हे विचारावंच.

वर्धारोडी
ताई, मोजणाराच पुढे खर्चही करायला लागतो, त्याचं काय? शिर्डी संस्थानला २००४ चा स्वतंत्र कायदा, समिती सरकार नेमणार. २०१८ मध्ये संस्थानने निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी ५०० कोटी बिनव्याजी द्यायचं ठरवलं. कालवे हवेतच, पण ते जलसंपदा खात्याचं काम. पेटीत पैसे टाकणाऱ्याने कालव्यासाठी टाकले नव्हते.
आणि सरकारचा पैसा आला की निविदेचं डोकंही येतं. दीक्षाभूमीच्या विकासकामात भूमिगत पार्किंग घुसलं, ते असंच. स्तूपाला धोका होईल म्हणून लोक १ जुलै २०२४ ला रस्त्यावर उतरले आणि शासनाला त्याच दिवशी स्थगिती जाहीर करावी लागली. देणारा आपल्या बाजूचा असला तरी नकाशा तोच काढतो.

सावजी_रस्सा
हे सगळं ठीक आहे भाऊ, पण काहून फक्त देवळंच सरकारच्या ताब्यात? बाकीच्यांना काहून हात लावत नाहीत?

महालवाला
लावतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी १९५६ चा कायदा आहे, मंडळावर सरकारचे सदस्य असतात. वक्फ मंडळ कायद्यानेच बनलंय. वक्फ संस्थांच्या निव्वळ उत्पन्नातून ७ टक्के घ्यायचे, २०२५ च्या दुरुस्तीने ५ केले. आणि नागपूरच्या विहारांमध्ये ज्याची चर्चा थांबत नाही ते बोधगयेचं महाबोधी विहार: १९४९ च्या कायद्याने समितीवर चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर दुसरा हिंदू अध्यक्ष नेमायचा ही अट २०१३ पर्यंत होती. तक्रार खरी आहे, फक्त एकाच धर्माची नाही.

इतवारीची_ताई
बोधगयेचं उदाहरण मला मान्य आहे, तिथे राज्याने मर्यादा ओलांडली. पण त्यावर उपाय म्हणून धर्मादाय आयुक्तही नको म्हणाल तर फसाल. आपल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६ बघा. न्यासाची जमीन विकायची, तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने इमारत भाड्याने द्यायची, तर आयुक्तांची परवानगी आधी लागते. हे एक कलम काढा आणि दहा वर्षांनी कोणत्या देवस्थानाची किती जमीन बिल्डरकडे गेली ते मोजा. कायद्यात जान आहे, अडतं ते कलम २२ वर. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. दोन गट दोन अर्ज देतात, प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहतं आणि तोवर जुनेच लोक चेकवर सह्या करतात.

नकाशेवाला
मूळ मुद्दा जागेचा होता, तो राहूनच गेला. २९ सप्टेंबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक रस्ते, उद्यानं, मोकळ्या जागांवर यापुढे कोणत्याही धर्माचं अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही. जुन्यांचा एकेक करून विचार करा. राज्याने ५ मे २०११ ला शासन निर्णय काढला: नियमित करायची, हटवायची, हलवायची अशी विभागणी. तेव्हा आधी बांधकाम कधीचं ते ठरवा. नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा मनपाच्या नगररचना विभागातून मंजूर नकाशाची प्रत घ्या, ओपन स्पेस हस्तांतरित झाली का ते विचारा. ‘१९०० लेआउट’ म्हणजे अनधिकृत लेआउटच्या भागात अनेकदा ती जागा नकाशावरच नसते, तिथे वाद वेगळा.
पैशाबाबत एक चूक सगळे करतात. माहिती अधिकारात ‘या मंदिराला किती निधी दिला?’ असं विचारतात. उत्तर येतं ‘निरंक’, आणि ते खोटंही नसतं. खासदार निधीतून प्रार्थनास्थळात काम करायला मनाई आहे, म्हणून कागदावर मंदिर कुठेच नसतं. असतं ‘खुल्या जागेचे सौंदर्यीकरण’ नाहीतर ‘समाजभवन’. प्रभाग क्रमांक, खसरा क्रमांक (जमिनीचा भूमापन क्रमांक) आणि वर्ष टाका. त्या जागेवरच्या सगळ्या कामांची प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, लेखाशीर्ष (पैसा कोणत्या खात्यातून आला) आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) प्रत मागा. दहा रुपये, तीस दिवस.

वर्धारोडी
म्हणजे सरकारने देवळाला पैसा दिला हे सरकारच लपवतंय. माझाच मुद्दा झाला ना?

इतवारीची_ताई
अर्धा. लपवावं लागतंय, कारण नियम अजून शाबूत आहे. तो पाळायला लावा. आयुक्तांना घरी पाठवून गट्टू कसे थांबतील?

सावजी_रस्सा
खसरा नंबर कुठून काढायचा, ते सांगा कोणीतरी.

नकाशेवाला
लेआउटमधल्या कोणाच्याही विक्रीपत्रात पहिल्याच पानांवर मौजा आणि खसरा असतो. शेजाऱ्याकडे मागा.