ग्रब न दिसता थेट विंडोज सुरू होणे
उबुंटू व्यवस्थित बसले, पण संगणक चालू केल्यावर ग्रबची, म्हणजे उबुंटू की विंडोज सुरू करायचे ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी न दिसता थेट विंडोजच उघडते, या आपल्या अडचणीत सगळी पार्टिशन्स पुसून पुन्हा सुरुवात करण्याची घाई करू नये. विंडोज यूईएफआय या संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीने बसलेले असताना उबुंटू बसवण्याचा पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाला असेल, तर नेमके असेच घडते. लाइव्ह सत्रात, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालवलेल्या उबुंटूत, ‘सिस’ (/sys) मधील ‘फर्मवेअर’ या फोल्डरात ‘ईएफआय’ आहे का, ते पाहावे. नसल्यास पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू करून ग्रब पुन्हा बसवावा. त्या वेळी फॅट३२ स्वरूपातील छोटे ईएफआय पार्टिशन (यातच प्रणाली सुरू करणारे प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, असतात) तसेच वापरावे, फॉरमॅट मुळीच करू नये. तेथील ‘फॉरमॅट’च्या चौकटीतील खूण काढायला विसरून मी एकदा विंडोजचा बूटलोडरच पुसून बसलो होतो.