दहावीनंतर डिप्लोमा की अकरावी सायन्स? मुलाला ८१ टक्के, घर शहाद्याजवळ

शहादा_पालक

नमस्कार मंडळी. मुलगा यंदा सेमी माध्यमातून दहावी झाला. ८१ टक्के, गणितात ७२, विज्ञानात ८६. इंजिनिअरच व्हायचं म्हणतो. त्याचे काका म्हणतात अकरावी-बारावी सायन्स करून सीईटी देऊ द्या. मामा म्हणतात पॉलिटेक्निकला टाका, बारावीची कटकट नाही, थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, वर्षही वाचतं.

घरची शेती आहे, फीचा विचार करावा लागतो. प्रवर्ग ओबीसी. नंदुरबारच्या शासकीय तंत्रनिकेतनला एसटीने रोज जाऊन-येऊन जमेल का, की खोली घ्यावी लागेल? खरंच वर्ष वाचतं का? कागदपत्रं कोणती आधी काढावीत? आणि समजा पहिल्या वर्षाला अडकला, तर मागे फिरायला वाट राहते का? जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं.

ड्राफ्टर

ताई, आधी वर्षांचा हिशोब. अकरावी-बारावी २ आणि इंजिनिअरिंग ४, एकूण ६. डिप्लोमा ३ आणि थेट दुसऱ्या वर्षापासून इंजिनिअरिंग ३, एकूण तेही ६. वर्ष वाचत नाही. फरक एवढाच की डिप्लोमावाल्याच्या हातात तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नोकरीला चालणारं प्रमाणपत्र असतं. रेल्वे, सार्वजनिक बांधकाम अशा ठिकाणची कनिष्ठ अभियंत्याची पदं त्यावर भरता येतात. घरची परिस्थिती पुढे ओढाताणीची होईल असं वाटत असेल तर ही फार मोलाची गोष्ट आहे. निव्वळ बारावी सायन्सवर तसं काही हातात नसतं.

दुसरं, ‘बारावीची कटकट नाही’ हे मामांचं म्हणणं अर्धंच खरं. बारावी नाही, पण बारावीचं गणित आहे, आणि ते आधी येतं. पहिल्या सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स असतो: लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, पार्शल फ्रॅक्शन, त्रिकोणमिती, सरळ रेषेची समीकरणं, डेरिव्हेटिव्ह. दुसऱ्या सत्रात अप्लाइड मॅथेमॅटिक्स: इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, न्यूमरिकल मेथड्स. अकरावी-बारावीत दोन वर्षांत मुरणारा मजकूर इथे दोन सत्रांत उरकतात. दहावीचा निकाल नुकता हातात घेतलेलं पोर पुढच्या उन्हाळ्याच्या आत इंटिग्रेशनचा पेपर देतं. पहिल्या वर्षाला जी मुलं गळतात त्यातली बरीचशी इथेच गळतात, कार्यशाळेत किंवा ड्रॉइंगमध्ये नाही.

मुलाला गणितात ७२ आहेत, म्हणजे वाईट नाही. पण ७२ कुठून आले ते बघा. भूमिती आणि पाठ केलेल्या रचनांवर आले असतील आणि बीजगणितात चिन्हांची गफलत होत असेल, तर आत्ताच्या सुट्टीत तेवढं पक्कं करून घ्या. एक सोपी चाचणी: अपूर्णांक असलेलं दोन चलांचं समीकरण कॅल्क्युलेटर न घेता सोडवायला द्या. मग साइन, कॉस, टॅनच्या ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांच्या किमती न बघता लिहायला सांगा. दोन्ही जमलं तर पहिल्या सत्रात पाय लटपटणार नाहीत. अडखळला तर क्लासपेक्षा रोज १० गणितं कामाला येतात.

परीक्षेचं असं: लेखी विषयाला सत्राच्या शेवटी ७० गुणांचा पेपर, आणि ३० गुण मधल्या दोन चाचण्यांच्या सरासरीचे. १०० पैकी ४० ला पास. मुलं पहिली चाचणी ‘नवीन आहोत’ म्हणून सोडून देतात आणि मग ७० च्या पेपरावर सगळा भार येतो. प्रॅक्टिकलचे गुण वेगळे, ते मॅन्युअल (प्रॅक्टिकलची वही) वेळेवर तपासून सही झाली तरच हातात पडतात. हजेरी ७५ टक्के लागते. आणि हा नियम भिंतीवर लिहून ठेवा: विषय राहिला तरी दुसऱ्या वर्षात जाता येतं, पण तिसऱ्या वर्षात पाय ठेवायला पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले लागतात. गणित ‘नंतर काढू’ म्हणणारा मुलगा दुसरं वर्ष पास होऊनही घरी बसतो ते यामुळे.

ड्रॉइंगचं थोडं. पहिल्या दिवशी महागडा संच घेऊ नका. मिनी ड्राफ्टर, २एच आणि एचबी पेन्सिली, चांगला कंपास, एवढ्यावर सत्र निघतं. मुलं चुकतात ती फर्स्ट अँगल प्रोजेक्शनमध्ये. समोरचं दृश्य वर आणि वरून दिसणारं दृश्य त्याच्या खाली काढायचं असतं; डावीकडून दिसणारं उजव्या बाजूला. डोक्याला उलटं वाटतं. काड्यापेटी टेबलावर ठेवून तिच्यामागे आणि खाली कागद धरून दाखवलं की पोराला अर्ध्या तासात कळतं, वर्गात न कळलेलंही.

कार्यशाळेत फिटिंगचा जॉब असतो, लोखंडी पट्टी कानशीने घासून काटकोनात आणायची. गुण्या लावून उजेडाकडे धरली आणि फट दिसली की पुन्हा घासायची. हाताला फोड येतात, घरच्यांनी घाबरून जाऊ नये. बूट आणि ॲप्रन मात्र पहिल्या दिवसापासून हवेत, चपलेवर आत घेत नाहीत.

सेतू_जळगाव

ड्राफ्टर सरांनी अभ्यासाचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. कमी गुणांपेक्षा अपुऱ्या कागदांनी जास्त जागा हुकतात.

डिप्लोमाचा प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतो. पात्रता दहावीत किमान ३५ टक्के, यादी दहावीच्या गुणांवर लागते, वेगळी सीईटी नाही. ऑनलाइन अर्ज भरला की कागद पडताळून घ्यायचे, घरबसल्या किंवा सुविधा केंद्रात जाऊन. पहिल्यांदाच भरणाऱ्यांनी केंद्रातच जावं. फोटो पुसट आला म्हणून अर्ज परत आला तर तो निरोप मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल बहुतेक वेळा वडिलांकडे शेतात असतो. मग तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकतीचे दिवस, अंतिम यादी, त्यानंतर पसंतीक्रम. हरकतीच्या दिवसांत प्रवर्ग आणि गुण स्वतः वाचून बघा. अंतिम यादी लागल्यावर दुरुस्ती होत नाही.

ओबीसीसाठी जातीचा दाखला आणि नॉन क्रिमी लेअर. घोळ सगळा नॉन क्रिमी लेअरचा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. आधी काढून ठेवलेला बऱ्याच वेळा मार्चमध्ये संपलेला असतो, आणि पालक ‘आहे की आमच्याकडे’ म्हणून तोच घेऊन येतात. नवा लागतो. निकालानंतर तहसीलला गर्दी होते, म्हणून लगेच अर्ज टाका. सोबत उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास, आधार.

दाखल्यावरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरशः जुळतं का ते आजच बघा. आपल्याकडे वडिलांच्या नावापुढे एका कागदावर ‘भाऊ’, ‘राव’ असतं, दुसऱ्यावर नसतं. जन्मतारखेतही असाच फरक सापडतो. दुरुस्ती शाळेतूनच होते आणि तिला आठवडे लागतात.

जात पडताळणीचा अर्ज डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी टाकावा. पुढे इंजिनिअरिंगला राखीव जागेवर ती लागतेच, आणि आजोबा-पणजोबांचे शाळेचे किंवा महसुली पुरावे शोधायला वेळ जातो.

फीचं: शासकीय तंत्रनिकेतनची फी वर्षाला काही हजारांतच आहे, खासगीत ती कित्येक पटींनी वाढते. शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून, दरवर्षी नव्याने अर्ज करून. दोन ठिकाणी पैसे अडकतात. एक, बँक खात्याला आधारची केवायसी असते पण अनुदान जमा होण्यासाठीची आधार जोडणी नसते. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करून द्या’ अशा शब्दांत मागा. दोन, मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की शिष्यवृत्तीवर पाणी सोडावं लागतं. एखाद्या खासगी कॉलेजचा माणूस घरी येऊन ‘कॅपची भानगड कशाला, आजच सीट पक्की करा’ म्हणाला तर त्याला चहा द्या, कागद देऊ नका.

अर्ज भरताना ट्यूशन फी वेव्हर योजनेच्या चौकटीतही खूण करा. प्रत्येक शाखेत ५ टक्के जागा असतात, उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं, कोणत्याही प्रवर्गाला चालतं. शिकवणी शुल्क माफ, बाकीची फी भरावी लागते. मात्र या जागा गुणांवर पटकन भरतात.

आबा_अमळनेर

ताई, येवढं सगळं खरं, पण पोऱ्याले गणित आवडस का ते त्यालेच इचारा, काका-मामाले नको.

शहादा_पालक

सर्वांचे मनापासून आभार. काल त्याला समीकरणं दिली. दोन बरोबर आली, एकात कंस सोडवताना उणे चिन्ह विसरला. त्याला विचारलं तर म्हणाला यंत्रं आवडतात, गणिताचं सांगता येत नाही.

अजून एक शंका. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांना इंजिनिअरिंगचं गणित खूप जड जातं असं ऐकलं. ते खरं आहे का, आणि का?

लाप्लास

खरं आहे, आणि कारण नेमकं आहे. बारावीवरून आलेली मुलं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात गणिताचे दोन पेपर करून येतात. त्यात पार्शल डिफरन्शिएशन, मल्टिपल इंटिग्रल, मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू असतात. डिप्लोमाची मुलं ते पहिलं वर्ष ओलांडून वर येतात आणि पहिल्याच सत्रात बहुतेक शाखांना गणिताचा तिसरा पेपर समोर उभा राहतो, लाप्लास आणि फूरिये ट्रान्सफॉर्मचा. शिकवणारे आधीचं सगळं येतं असं धरून चालतात.

लाप्लास मुळात अवघड नाही. फंक्शनला e च्या −st घाताने गुणून शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेट करायचं. त्याला लागतं काय, तर इंटिग्रेशन बाय पार्ट्स, जे डिप्लोमाच्या दुसऱ्या सत्रात होतं. उलटं यायचं, म्हणजे इन्व्हर्स लाप्लास, तर लागतात पार्शल फ्रॅक्शन, आणि ते झालेले असतात डिप्लोमाच्या पहिल्या सत्रात, तीन वर्षं आधी! ४० गुणांपुरते पाठ करून सोडले असतील तर तोवर पार पुसले जातात. म्हणून डिप्लोमाच्या गणिताच्या वह्या रद्दीत घालू नका.

उपाय साधा आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या परीक्षेनंतर इंजिनिअरिंगचा प्रवेश होईपर्यंत काही आठवडे मोकळे जातात. त्या काळात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली फक्त तीन प्रकरणं करावीत: पार्शल डिफरन्शिएशन, मॅट्रिक्सची रँक आणि आयगेन व्हॅल्यू, दुसऱ्या ऑर्डरची लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन. बाकीचं गरजेप्रमाणे होतं.

उलट बाजूही सांगायला हवी. मशीन ड्रॉइंग, मोटर-ट्रान्सफॉर्मरची प्रॅक्टिकल, सर्व्हे, प्रोग्रामिंग यात डिप्लोमाचा मुलगा वर्गात पुढे असतो. बारावीवाले मल्टिमीटर कुठल्या रेंजवर ठेवायचा हे विचारत असतात तेव्हा याचं रीडिंग घेऊन झालेलं असतं.

थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, सीईटी नाही. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राखीवला ४०. पण जागा मर्यादित: मंजूर जागांच्या १० टक्के, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. जळगावच्या शासकीय अभियांत्रिकीसारख्या ठिकाणी रिकाम्या फारशा उरत नाहीत. तेव्हा ४५ टक्के ही दाराची चौकट समजा, आत शिरायला गुण बरेच वर लागतात.

ड्राफ्टर

मागे फिरण्याचं ताईंनी विचारलं होतं, ते राहूनच गेलं. अकरावीचा ऑनलाइन अर्ज आणि डिप्लोमाचा अर्ज दोन्ही एकाच वेळी भरता येतात, भराच. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र एकाच ठिकाणी देता येतो. डिप्लोमाचा प्रवेश ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत रद्द केला तर किरकोळ रक्कम कापून फी परत मिळते, त्यानंतर अनामत सोडून काही मिळत नाही. ती तारीख कॅपच्या वेळापत्रकात छापलेली असते. पहिली चाचणी बहुतेक वेळा तिच्या नंतर येते, त्यामुळे चाचणीचा निकाल बघून ठरवू असं धरून चालू नका.

आणि काकांच्या बाजूचंही एक. अकरावी सायन्स घेऊन बारावीला सीईटी मनासारखी गेली नाही, तरी बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आज अकरावी घेतली तर डिप्लोमाचं दार बंद होत नाही. आज डिप्लोमा घेतला तर मात्र ‘नीट’ (वैद्यकीय प्रवेश परीक्षा), एनडीए, बी.एस्सी. कृषी ही बारावी मागणारी दारं मागे पडतात. यंत्रांची आवड पक्की असेल तर डिप्लोमा. मन अजून हलत असेल तर अकरावी. यंत्र आवडणाऱ्याला गणित नंतर आवडायला लागतं असंही होतं, कारण तिथे ते कशासाठी लागतं हे दिसतं.

सेतू_जळगाव

पसंतीक्रमाबद्दल राहिलं. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत नाव येत नाही. म्हणून ‘सहज वर टाकून बघू’ म्हणून कुणी दूरचं कॉलेज पहिल्या ओळीत टाकू नये. नंदुरबार हवं असेल तर नंदुरबार वर, मग धुळे, मग जळगाव. आणि शाखांचा क्रम मुलाने लावावा.

जाऊन-येऊन करण्याबद्दल: शहादा-नंदुरबार एसटीचा विद्यार्थी पास घेतला तर भाड्याच्या एक तृतीयांशातच काम होतं. अडचण भाड्याची नाही, वेळेची आहे. प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतात आणि ज्या दिवशी मॅन्युअल तपासून घ्यायचं असतं त्या दिवशी नेहमीची गाडी सुटते. त्यानंतरची गाडी कधी आहे ते आगारात विचारून ठेवा. ती फार उशिरा असेल तर निदान सबमिशन आणि परीक्षेच्या काळापुरती तरी वसतिगृहाची किंवा नातेवाइकांकडची सोय आधीच बोलून ठेवा. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी मागून घ्या, जागा मोजक्या असतात.